डाव्या हाताने कुंकू

३ फेब्रु., मंगळ.
पुन्हा तेच. लॅपटॉपवर मी लिहिलेला गेम मस्त चालतो, खऱ्या मशीनवर लावला की ठिपके नाचतात. दोन रविवार गेले यात. आज कॉलेजात प्रॅक्टिकल घेता घेता लक्षात आलं. लॅपटॉपवरचं नकली मशीन मेमरी स्वच्छ पुसून हातात देतं. नवऱ्याचा, म. चा, हा शाळेच्या वयातला लाल-पांढरा टीव्ही गेम सुरू होतो तेव्हा आत काहीबाही कचरा पडलेला असतो. तो आधी आपण झाडायचा असतो. पोरांना हेच शिकवते मी, आणि स्वतः विसरले. बावळट.
घरी येऊन चार ओळी टाकल्या. ठिपके जागेवर.

८ फेब्रु., रवि.
सासूबाईंनी, अव्वांनी, व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या मॅडमना चेंडू फेकून मारला. डाव्या हाताने, नेम चांगला होता. "मी बारकी पोर हाय व्हय, चेंडू दाबायला?"
दिवाळीच्या तोंडावर अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली. पाय आला परत, बोलणं तर व्याजासकट आलं. हात नाही. डॉक्टर म्हणाले होते, पहिल्या सहा महिन्यांत येईल तेवढा येईल, पुढचं अवघड. आता फेब्रुवारी. मी कॅलेंडरकडे बघते आणि अव्वा छताकडे बघतात.
व्यायाम करणार नाहीत, ठीक. पण म. लहान असताना तो शाळेत गेला की दुपारी याच टीव्ही गेमवर ठोकळे रचत बसायच्या सासूबाई, आणि तो आला की अभ्यास कर म्हणून त्यालाच धपाटे. म. ने स्वतः सांगितलंय. रिमोट हातात दिला तर सोडणार नाहीत.
आणि ठोकळे कशाला? म्हणून रांगोळीच लिहायला घेतली. ठिपके, त्यातून एकच रेघ, कुठेही न तुटता. दवाखान्यातून आल्यावर पहिलं काय विचारलं, तर "दारात रांगोळी कोण काढतंय?" मी स्टिकर लावला होता. त्यांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही.

१५ फेब्रु., रवि. महाशिवरात्र
लावला गेम. अव्वा आधी कानडीत "बेड, बेड", नको नको, करत होत्या. मग म. मुद्दाम चुकीची रेघ मारायला लागला, तेव्हा रिमोट हिसकावून घेतला. उजवा हात मांडीवर तसाच. सगळं डाव्याने. दिशाही, बटणही. म्हटलं असू दे, बसल्या तरी.
पहिली रांगोळी पुरी केली. मी केवढ्या उत्साहाने बनवलेलं, पुरी झाली की टुणटुण वाजतं, रेघा उडून जातात आणि नवे ठिपके येतात. सगळ्या कोड्यांच्या गेममध्ये असंच असतं.
अव्वांचा चेहरा उतरला. "पुसली का गं?"
"अव्वा, तुम्ही जिंकलात. आता दुसरी."
"काढून हात बी निघाला न्हाय, लगेच पुसत्यात? घरात काय झालंय असं?"
रिमोट बाजूला. सण संपला. म. माझ्याकडे बघून हसला, तेव्हा त्यालाच एक ठेवून द्यावीशी वाटली.

१८ फेब्रु., बुध.
चिडचिड चिडचिड. त्यांचं बरोबर आहे, हाच तर राग. रांगोळी दिवसभर राहते. पावलांनी विस्कटते ती विस्कटते. पुसायची दुसऱ्या दिवशी सकाळी, झाडून, सडा मारताना. मग गेमही तसाच हवा. एका दिवसाला एकच रांगोळी. मशीन चालू असेपर्यंत पडद्यावर राहील, दुसऱ्या सकाळी चालू केलं की नवे ठिपके. मशीन लहान आहे, त्याच्या मेमरीत एकच रांगोळी मावते म्हणून कुरकुरत होते मी. एकच लागते!
नळाला पाणी आलं म्हणून अर्ध्यात उठले. भरून होईस्तोवर डोक्यात तेच.

२२ फेब्रु., रवि.
जमलं. अव्वांनी पुरी केली, कडेची कमळं मोठी आली म्हणून खूश. मग थांबल्या.
"हळदी-कुंकू कुटाय?"
नाही ठेवलं मी. कसं सुचलं नाही! "हळदी-कुंकवाबिगर रांगोळी पुरी झाली व्हय? नुसत्या रेघोट्या झाल्या की त्या."
या मशीनवर एका चौकटीत तीनच रंग बसतात. पांढरा, पिवळा, लाल. बरोब्बर. स्वयंपाकघरात एकटीच हसले.

२७ फेब्रु., शुक्र.
आज एक गोष्ट झाली, नीट लिहून ठेवते.
रेघ पुरी झाली. पडद्यावर चिमूट येते, उजवं बटण दाबलं की हळद पडते, पुन्हा दाबलं की कुंकू. अव्वांचा डावा हात बटणापर्यंत गेला आणि थांबला. मागे घेतला.
म्हटलं, "दाबा की."
"डाव्या हातानं कुंकू लावू? कुणाच्या घरची रीत हाय ही?"
"अव्वा, गेम आहे तो."
"असंल."
उजव्या हाताकडे बघितलं त्यांनी. झटका आल्यापासून त्या हाताकडे बघत नाहीत, उशी सरकवावी तसा सरकवतात. आज बघितलं.
मी हे ठरवून केलेलं नाही. शपथ. पण आता बदलणारही नाही.

२ मार्च, सोम.
तीन दिवस रोज तेच. रेघ पुरी, कुंकू नाही. आणि कुंकवावाचून रात्री झोपेपर्यंत टीव्ही बंद करू देत नाहीत. "अर्धी रांगोळी पुसायची न्हाय."
म. ला मॅच बघायची होती. "आई, एक बटण तर आहे, मी दाबतो."
"रांगोळी तू काढलीस व्हय? माझी हाय ती."
मॅच मोबाईलवर बघितली त्याने, फुगून. नंतर मला आत येऊन, "अगं सुजाता, कशाला छळतीस तिला? काढून टाक ते कुंकू." मी म्हटलं, तूच सांग, दुसऱ्या कशासाठी त्यांनी त्या हाताकडे बघितलं इतक्या महिन्यांत? पण पटलं नाही त्याला. मला तरी कुठे नीट पटलंय.

६ मार्च, शुक्र.
दुपारी लाईट गेली, अर्धी रांगोळी पुसली. मी कॉलेजात. आले तर अव्वा काळ्या टीव्हीसमोर रडत होत्या. दवाखान्यातसुद्धा रडल्या नव्हत्या. मला बघून पदर तोंडावर घेतला आणि "साकु, साकु" एवढंच. म्हणजे पुरे, पुरे. गेम पुरे की काय पुरे, विचारायची हिंमत झाली नाही.
माणसाचं भलं करायला निघालेली मी, आणि घरात रडारड. लॅपटॉप उघडला. एक ओळ काढली की कुंकू आपोआप पडेल. कर्सर त्या ओळीवर ठेवून बसले. काढली. परत टाकली. परत काढली.
टाकली.

११ मार्च, बुध.
मॅडम म्हणाल्या मनगट किंचित हलतंय. अंगठा नाही. "पण ताई, तुम्ही काय केलंत? आज त्यांनी स्वतःहून हात पुढे केला." काय सांगू, गेम केला म्हणू?
चार दिवस रिमोटला शिवल्या नव्हत्या. आज संध्याकाळी मागितला. रेघ डाव्याने काढली. मग डाव्या हाताने उजवा उचलला आणि रिमोटवर ठेवला. अंगठा बटणावर. तसाच ठेवून बसल्या, पार जेवणापर्यंत. कपाळावर घाम. मी भाजी निवडत होते, एकच मेथीची काडी कितीदा निवडली कुणास ठाऊक.
नाही दाबलं गेलं.

१९ मार्च, गुरु. पाडवा
सकाळी गुढी उभारली. दारात मी काढली रांगोळी, स्टिकर खरवडून काढला आधी. अव्वा खुर्ची टाकून बसल्या, हुकूम चालू. "रेघ जाड आली की! चिमटीतनं सोड, मुठीतनं न्हवं." शेवटी मी वैतागून म्हटलं, मग तुम्हीच काढा. तोंडातून गेलं. जीभ चावली.
त्या म्हणाल्या, "काढीन की."
चिडून नाही. नुसतं म्हणाल्या.
संध्याकाळी पुण्याहून दिरांचा फोन, आईला इकडे आणा, मोठ्या डॉक्टरला दाखवू. म. तयार आहे, एप्रिलमध्ये नेऊ म्हणतो. माझी एवढी आग का व्हावी? हात बरा होणं महत्त्वाचं, कुठे का होईना. पण झोपाळ्यावर बसवेना, उठवेना. टीव्हीवर रांगोळी तशीच, कुंकवावाचून.

२७ मार्च, शुक्र.
ऊन कसलं, स्कूटीच्या सीटवर बसवत नव्हतं. घरी आले, टीव्ही चालू. रांगोळीत हळद. आणि कुंकू.
चप्पल पायात तशीच, उभी राहिले.
"अव्वा, कुणी लावलं?"
"कुणी म्हंजी? रांगोळी कुणाची हाय?"
"कुठल्या हाताने?"
पंख्याकडे बघत होत्या.
म. दुपारी जेवायला येऊन गेलेला. फोन केला. "मी हात लावला नाही, आईची शपथ." आईची शपथ तो भाजी आणली का म्हटलं तरी घेतो. दया आली असेल, दाबलं असेल. किंवा डाव्यानेच दाबलं असेल त्यांनी, कंटाळून. किंवा जुना रिमोट, आतलं रबर मऊ पडलंय, आपोआप लागलं असेल. सगळं शक्य आहे. मला फक्त एक हवंय.
त्यांच्याजवळ बसले. रिमोट मांडीवर ठेवला. "अव्वा, एकदा परत दाखवा ना. मी मशीन बंद करून चालू करते."
"एकदा कुंकू लावल्यावर त्याच दिवशी पुसून परत लावत्यात व्हय? शिकली-सवरलेली न्हवं का तू?"
माझाच नियम, मीच लिहिलाय.
आता जेवणाची वेळ. रोज मी भरवते. त्यांना डाव्याने खायचं नसतं आणि चमचा आवडत नाही. आज ताट घेऊन गेले, पहिला घास केला, तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. ताट हितं ठेव अन् जा तू आत."
"अव्वा, सांडेल."
"सांडू दे."
ठेवलं आणि आले. ओट्याशी उभी राहून लिहितेय. म. बाहेर जाऊन बघू का म्हणतो, त्याला दंडाला धरून थांबवलंय. हॉलमध्ये ताट एकदा वाजलं. मग काहीच नाही. आता पुन्हा वाजलं.