अपेंडिक्स नव्हतं, मोठीआई

कुडवा, गोंदिया
२४ जून २०२५

ती. मोठीआईस,
चेतनाचा नमस्कार.

नमस्कार लिहिला, कारण पत्राची सुरुवात तशी करायची असते हे तूच मला शिकवलंस. चौथीच्या सुट्टीत तुझ्या ओसरीवर पालथी पडून मी आईला पहिलं पत्र लिहिलं होतं, आणि 'ती.' म्हणजे तीर्थरूप हे तू सांगितलं होतंस. आज ते अक्षर लिहिताना हात अडला, तरी लिहिलं. फोनवरच बोलले असते. पण मी गजेंद्रचं नाव काढलं की तुमच्या गावातली रेंज नेमकी त्याच वेळी जाते. पत्राला रेंज लागत नाही.

इकडे सगळे बरे आहेत. बाबांचं दुकान चालू आहे. आईचे गुडघे कुरकुर करतात, पण ती कोणाला सांगत नाही. मी बी.एस्सी.चा फॉर्म भरला. वर्ष गेलं, पण गेलं तर गेलं. केस कानापर्यंत आले आहेत, आणि ऐक, कुरळे आले आहेत! आपल्या सात पिढ्यांत कोणाचे कुरळे नव्हते. आई त्यावर तेल थापून त्यांना सरळ करायला बघते, ते पुन्हा उभे राहतात. पाळीपण परत सुरू झाली आहे. तू आईला आडून आडून विचारत होतीस ना, म्हणून स्वतःच लिहिते.

मागच्या आठवड्यात नागपूरला तपासणी होती. रक्त चांगलं, सोनोग्राफी चांगली. तिथल्या डॉक्टर मॅडमना मी विचारलं, यंदा रोवण्याला, म्हणजे धान लावायला, गेले तर चालेल का? त्या म्हणाल्या, जा, फक्त दमलीस की बांधावर बस. हे मी का विचारलं ते शेवटी सांगते.

आता रविवारच्या फोनबद्दल. तुला वाटलं तू आईशी एकटीशी बोलतेयस. आई पोळ्या लाटत होती, फोन स्पीकरवर होता, आणि मी तिथेच कांदा चिरत बसले होते. तू म्हणालीस, "रोवन्याले पाठव ना पोरीले. गावात मी अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं म्हनून सांगून ठेवलं आहे. डोक्याले रुमाल बांधून ये म्हना. अन् सालेकशाकडचं एक चांगलं स्थळ आहे, त्यायले काही सांगायची गरज नाई."

मोठीआई, माझ्या पोटावर बेंबीपासून खालपर्यंत टाके आहेत. एवढं मोठं अपेंडिक्स कोणाचं असतं? निदान खोटं तरी धड बोलायचं!

मला इतका राग आला की कांदा तसाच टाकून मी बाहेर गेले. आई म्हणाली, "जाऊ दे, तिचाही जीव आहे तुझ्यावर." आहे ना. त्याचंच तर मला कळत नाही. लहानपणी मला ताप आला की तू पदरानं वारा घालायचीस. तुला मूल नाही, म्हणून 'माझी लेक, माझी लेक' करत गावभर मिरवायचीस. त्याच तुला माझ्या पोटाकडे बघून एकदा विचारता आलं नाही, की बाई, दुखतं का?

गेल्या वर्षी याच दिवसांत मी बारावी होऊन तुझ्याकडे आले होते. पोट फुगल्यासारखं वाटायचं, दोन घास खाल्ले की भरायचं. मला वाटलं, तुझ्या हातचं जास्त खाते म्हणून. धानाच्या बांधीत, चिखलात आपण ओळीनं वाकून रोवत होतो, तू गाण्याची ओळ टाकत होतीस, मागून सगळ्या उचलत होत्या. मी कंबर सरळ करायला उभी राहिले आणि पुष्पाबाईनं बघितलं. "शामकला, तुझ्या भाचीचं पोट काऊन असं दिसून राहिलं वो?" सगळ्या हसल्या. तूपण हसलीस. पण त्यानंतर तू गाणं म्हटलं नाहीस.

दुसऱ्या दिवशी तू कोहमाऱ्याला जाऊन आलीस. देवरीत सगळे ओळखतात, म्हणून दिवस गेलेत का ते बघायची पट्टी आणायला तितक्या लांब गेलीस. दोन रेषा आल्या. मला तर त्या रेषांचा अर्थही तुझ्या तोंडाकडे बघून कळला.

"कोनाचा होय? सांगतेस का नाई? काऊन चूप बसून राहिलीस?"

मी शपथ घेतली. तुझी घेतली, आईची घेतली, कुलदेवतेची घेतली. तू म्हणालीस, पट्टी खोटं बोलत नाही. मोठीआई, मी तुझ्या मांडीवर वाढले आणि तू कोहमाऱ्याच्या मेडिकलमधल्या पट्टीवर विश्वास ठेवलास.

ते झालं ते झालं. नाही, झालं ते झालं असं मी म्हणणार नाही, हे सगळे म्हणतात. पुढचं तुला आठवतं का? मला आठवतं. मला धानाच्या कोठीत बसवलंस, मोबाईल काढून घेतलास आणि तू बांधीत गेलीस. तिथे वाकल्या वाकल्या पुष्पाबाईला सांगितलंस, की आमच्या पोरीची चूक नाही, त्या रुख्माच्या पोरानं, गजेंद्रानं फसवलं. का, तर त्यानं मला एकदा मोटारसायकलवर देवरीच्या बसस्टॉपवर सोडलं होतं. तूच सोड म्हणाली होतीस त्याला! रोवण्याच्या ओळीत एकीला सांगितलं की बांधी संपायच्या आत गावाला कळतं, हे तुझ्याहून जास्त कोणाला ठाऊक आहे? गाव तुझ्या आवाजावर रोवतं. संध्याकाळी मोठेबाबांनी आणि आणखी दोघातिघांनी गजेंद्रला ट्रॅक्टरवरून खाली ओढलं. मी कोठीतून ऐकलं. तो एकच विचारत होता, "मी केलं काय?"

त्याचा कानाचा पडदा फाटला. तो रायपूरला निघून गेला, अजून आला नाही. तू मला वाचवायला हे केलंस, हे मला कळतं. मला कळतं म्हणूनच जास्त चीड येते. तुला मला वाचवायचंच होतं तर डॉक्टरकडे न्यायचं होतं.

मला काय झालं होतं ते तू अजून कोणाला विचारलं नाहीस, म्हणून मी लिहिते. नीट वाच, दोनदा वाच. बाईच्या पोटात गर्भपिशवीच्या दोन बाजूंना दोन अंडाशयं असतात. माझ्या उजव्या अंडाशयात गाठ झाली होती, नारळाएवढी. कॅन्सरची. नाव इतकं लांब आहे की मलाच पाठ करायला आठवडा लागला, ते सोड. ही गाठ फार कमी जणींना होते आणि जास्त करून कोवळ्या वयातल्या पोरींना होते. ज्या पेशींपासून पुढे अंडी तयार होतात, त्याच बिघडतात. कोणाशी बोललं, कोणाच्या गाडीवर बसलं म्हणून ती होत नाही. दिवस गेल्यावर बाईच्या अंगात जे तयार होतं, ते कधीकधी ही गाठसुद्धा तयार करते, आणि तेच लघवीत उतरतं. पट्टीला तेवढंच कळतं. बाळ आहे की गाठ, ते सोनोग्राफीत दिसतं. देवरीत ती होत होती. कोहमाऱ्याहून जवळ होती.

मॅडम म्हणाल्या, अशी चूक शिकलेल्या घरांतही होते. त्या तुला माफ करायला बसल्या होत्या. मी नव्हते बसले.

तुझ्या घरून मला कोणी काढलं, हे आईनं तुला कधी सांगितलं नाही. रुख्मामावशीनं. माझं पोट असह्य दुखत होतं, मला ओकाऱ्या होत होत्या. तू मला हापशीवर तोंड धुवायला आणलंस तेव्हा तिनं मला पाहिलं. तिचा पोरगा माझ्या नावानं मार खाऊन गाव सोडून गेला होता. तिनं माझ्या नावानं बोटं मोडली असती तरी मी काही म्हटलं नसतं. तिनं आईला फोन केला, "रीताबाई, पोरगी मरून राहिली. येऊन जा." बस्स, एवढंच बोलली. गोंदियाच्या डॉक्टरबाईंनी पोटावर यंत्र फिरवलं आणि आईला म्हणाल्या, "हिची गर्भपिशवी रिकामी आहे. दिवसबिवस काही नाहीत." आई तिथेच जमिनीवर बसली. तिला वाटलं आपली सुटका झाली. मग त्यांनी गाठ दाखवली.

राग फक्त तुझ्यावर आहे असं समजू नको. एका दवाखान्यातला सर्जन म्हणाला, गर्भपिशवी, दोन्ही अंडाशयं, सगळं काढून टाकू, पुन्हा कटकट नको. बाबा मान हलवत होते! माझ्या पोटाचं ठरत होतं आणि मला कोणी विचारत नव्हतं. नागपूरच्या मॅडमनी रक्ताच्या तपासण्या बघितल्या आणि म्हणाल्या, कशाला सगळं काढायचं? या जातीची गाठ औषधाला ऐकते. एकच बाजू काढू, बाकीचं हिचं हिला राहू दे. तसंच केलं. गाठ फुटायच्या बेतात होती, म्हणून नंतर सलाईनमधून औषधाच्या तीन फेऱ्या झाल्या, त्यात केस गेले. बाबांनी पहिला प्रश्न काय विचारला? "लग्न होईल ना?" मॅडम म्हणाल्या, "आधी जगेल. मग तिला वाटलं तर करेल." मला इतकं बरं वाटलं, मोठीआई, की मी नाकात नळी असताना हसले.

तू एकदा आली होतीस नागपूरला. मोहाचे लाडू घेऊन. माझे पाय धरून रडलीस. मी वाट बघत होते. वाटलं, आता म्हणशील, पोरी, चुकलं माझं. तू म्हणालीस, "कोनाची नजर लागली वो माझ्या लेकीले." आणि डबा ठेवून बस पकडायला गेलीस. ते लाडू मी शेजारच्या खाटेवरच्या पोरीला दिले.

आता एक गोष्ट, जी लिहायची की नाही ते मला अजून कळत नाही.

त्या गोळ्या.

पोट पाडायच्या म्हणून तू कोणाकडून तरी आणल्यास आणि माझं नाक दाबून गिळायला लावल्यास, त्या. नंतर मी लोळत होते, रक्त जात होतं, आणि तू दाराशी बसून म्हणत होतीस, सहन कर, निघून राहिलं, सुटशील. त्या वेळी पोटात गाठीला पीळ पडत होता. तू त्याला गोळ्यांचा गुण समजलीस, आणि तीच कळ मी आणखी काही दिवस काढली. मॅडमना मी हे सांगितलं, त्यांना सांगणं भाग होतं. आईला नाही सांगितलं. बाबांना नाही. आई आजही म्हणते, तिचाही जीव आहे तुझ्यावर. तिला हे कळलं तर ती तुझ्या दारात पाय ठेवणार नाही, आणि तुम्हा दोघी बहिणींना एकमेकींशिवाय कोण आहे? म्हणून मी गप्प आहे. वर्षभर तुझ्यासाठी गप्प आहे, आणि तू मला रुमाल बांधून ये म्हणतेस!

मी सांगणारही नाही. घाबरू नको. या गोळ्यांच्या जोरावर मला तुझ्याकडून काही करून घ्यायचं नाही. तुला करावंसं वाटलं तर कर.

मी रोवण्याला येते आहे. रुमाल बांधणार नाही. स्थळ-बिळ म्हणून पाहुण्यांना घरी बोलावलंस तर त्यांच्यासमोर टाके दाखवीन, मी दाखवीन हे तुला माहीत आहे. बांधीत तुझ्या डाव्या हाताला उभी राहीन, नेहमीसारखी. माझ्या पलीकडे रुख्मामावशी असेल. वर्षभर तिला कोणी ओळीत घेतलं नाही, ते तू घ्यायचं. तिच्या घरी जाऊन, तूच बोलवायचं. आणि गाण्याची पहिली ओळ टाकायच्या आधी, गाण्याच्याच आवाजात सांगायचं, की चेतनाला गाठ होती, दिवस नव्हते. गजेंद्रनं काही केलं नव्हतं. मी चुकले.

घरात, कानात, माझ्या एकटीसमोर सांगितलंस तर मला चालणार नाही. बांधीत सांगितलं होतंस, बांधीतच सांग. पुष्पाबाई असली पाहिजे. उद्या दुसऱ्या कोणाच्या पोरीचं पोट दिसलं, तर तिला कोठीत कोंडायच्या आधी कोणाला तरी हे आठवलं पाहिजे. तुझ्या आवाजात आठवलं पाहिजे, कारण गावात तुझाच आवाज चालतो.

तू बोललीस तर रुख्मामावशी तिथूनच रायपूरला फोन लावेल. मी तिला मोबाईल बांधीत घेऊन यायला सांगितलं आहे. नाही बोललीस तर मी ती ओळ संपवीन, हात धुवीन आणि संध्याकाळच्या बसनं गोंदियाला परत येईन. भांडणार नाही. पण मग पुन्हा तुझ्याकडे येणार नाही.

मोठेबाबांना नमस्कार सांगू नको.

आजवरच्या प्रत्येक पत्राखाली मी काय लिहायचे ते तुला माहीत आहे. चौथीपासून लिहीत आले. आजही सवयीनं 'तुझी ले' एवढं लिहून झालं होतं, ते खोडलं आहे. पुढचं पत्र रोवणा झाल्यावर लिहीन. तेव्हा काय लिहायचं ते तू ठरव.

चेतना भुपेंद्र पटले