आधी आपल्या माणसांना

२४ जानेवारी, गुरुवार

"काहीही होवो, आधी आपल्या माणसांना सांगायचं, मग बाहेरच्यांना." फुकुओकाच्या विमानतळावर माझी बॅग उचलता उचलता, मला न्यायला आलेले लामदादा म्हणाले होते. तेवीस वर्षं झाली. एकवीस वर्षांची होते, जपानी धड येत नव्हतं, त्या वाक्याने केवढा धीर आला होता! पुढे आमच्या व्हिएतनामी विद्यार्थी संघाची अध्यक्ष झाले, तेव्हा नव्या मुलांच्या पुस्तिकेत मीच ते पहिला नियम म्हणून घातलं.

आज दिएप आली होती. यंदाची अध्यक्ष. बावीस वर्षांची, पण चालते अशी की सगळ्या क्युशूचा भार हिच्याच डोक्यावर. नवी पुस्तिका दाखवली. म्हणाली, "न्हानताई, बाकी सगळं बदललं. तुमचा नियम तेवढा तसाच ठेवलाय."

मी चहा ओतत राहिले. कप भरून वाहिला तरी.

२६ जानेवारी, शनिवार

तेतच्या, आमच्या नव्या वर्षाच्या सणासाठी बान्ह चुंग बांधायचे, म्हणून पानं धुवायला सगळे सभागृहात. चाळीस जण! आमच्या वेळी आम्ही अकरा होतो. चिकट तांदूळ, मूगडाळ, डुकराचं मांस, आणि त्याहून जास्त बडबड. कोणीतरी क्वानच्या पुडीला उशी म्हणालं. त्यावर तो म्हणाला, "उशीच आहे. तुमची भाषणं चालू झाली की डोकं टेकायला." दिएपसुद्धा हसली.

सुओंग दिसली नाही. भाषाशाळेतली ती नवी, एकोणीस वर्षांची. मागच्या आठवड्यात सरावाला सगळ्यांत नेटकी पुडी तिचीच होती. दिएपला विचारलं.

"वारा लागलाय तिला, ताई. आम्ही बघतोय."

दिएपच्या कोटाला हिरव्या तेलाचा वास येत होता. अंगात वारा शिरला की आम्ही पाठीला चोळतो ते. मी पुढे काही विचारलं नाही. का नाही विचारलं?

२७ जानेवारी, रविवार

जेवण गेलं नाही. आमच्या अकरांतला तोआन आठवतो. तोही एकोणीसचाच होता.

२८ जानेवारी, सोमवार

आजचं आजच लिहून ठेवते.

नगरपालिकेत दुभाष्याचं काम होतं, ते अर्धं टाकून दुपारी वसतिगृहावर गेले. खिडकी बंद, गवती चहाच्या वाफेने काचा धुरकटलेल्या. सुओंग कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन. पाठ उघडी – मानेपासून कमरेपर्यंत लाल पट्टे. तेल लावून नाण्याने ओढलेले. वारा काढायचा म्हणून! आमच्याकडे प्रत्येकाच्या आईने काढलेला असतो.

पोटात दुखायला लागून तीन दिवस झालेत. दिएप म्हणाली, "आता बरं आहे, ताई. सकाळपासून दुखायचं थांबलंय. शांत पडलीय."

शांत पडलीय. हे ऐकताच मी तिच्याजवळ खाली बसले. पोटाला हात लावला तर फळीसारखं. अंग तापलेलं.

म्हटलं, ॲम्ब्युलन्स बोलवते. दिएप दाराशी येऊन उभी राहिली. शाळेला कळेल, हिला परत पाठवतील, पाठ बघून डॉक्टर म्हणतील आम्ही मारलं, पोलीस येतील, तेत राहील बाजूला. सगळं एका दमात. मग हळू आवाजात – "आधी आपली माणसं, ताई. तुम्हीच लिहिलंय."

मी फोन हातात धरून उभी. सुओंग डोळे मिटून आमचं बोलणं ऐकत होती. आणि मला भीती कसली वाटत होती? नुसती तिच्या जिवाची नाही. कोणी मला विचारलं तर, तुम्हाला हे कसं माहीत, याची! किटलीतलं पाणी उकळावं इतका वेळ मी तशीच उभी होते. इतका वेळ!

मग एकशेएकोणीस फिरवला.

२९ जानेवारी, मंगळवार

अपेंडिक्स फुटलं होतं. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणतात, पू पसरलाय, दोन दिवस काही सांगता येणार नाही. पट्ट्यांबद्दल विचारलं. मी समजावलं. नर्सने लिहून घेतलं, माझ्याकडे बघत.

दिएप बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसून होती. 

३० जानेवारी

ताप तसाच. देवा, हिला नको.

१ फेब्रुवारी, शुक्रवार

ताप उतरला! भाताची पेज चार चमचे गेली. सुओंगचा पहिला प्रश्न – आईला कळवलंत का? कळवलंय. परवाच मी फोन केला, खरं तेच सांगितलं. शाळेने सध्या तरी फक्त फुलं पाठवलीत. पोलीस आले नाहीत.

बाहेर दिएपने गाठलं. रडून डोळे सुजलेले. "ताई, वारा नाही, पोटच आहे, हे तुम्हाला हात लावल्या लावल्या कसं कळलं?"

म्हटलं, वय झालं माझं.

४ फेब्रुवारी, सोमवार

व्हिएतनाममधल्या विन्हहून पुडकं आलं. तोआनची आई दर तेतला घरची शेंगदाण्याची चिक्की पाठवते. वीस वर्षं! सोबत दरवर्षीची चिठ्ठी: "पोरी, शेवटी तू त्याच्याजवळ होतीस, म्हणून मला झोप लागते."

कधी एक तुकडा खाल्ला नाही मी. दरवर्षी संघाच्या मुलांना वाटते.

५ फेब्रुवारी, मंगळवार. तेत

सकाळी दिएपला खरं सांगितलं. तिने पुस्तिका उघडली. मग तिने पेन काढून पहिला नियम खोडला.

आणि आता तोआनच्या आईला हे पत्र. तीनदा फाडलं. आज टाकणार.

"काकी, तोआनने दुखणं कोणालाच सांगितलं नाही, असं आम्ही उरलेले दहाही जण बोललो. ते खोटं होतं. त्याने पहिल्याच दिवशी मला सांगितलं होतं. मी त्याच्या पाठीवर नाणं ओढलं, डॉक्टर नको म्हटलं. तिसऱ्या दिवशी तो शांत झाला, तेव्हा मी म्हटलं, झोपू द्या. खोटं काय बोलायचं तेही मीच ठरवलं. या चांद्र महिन्याच्या विसाव्या दिवशी त्याचं श्राद्ध. मला येऊन त्याच्यापुढे एक उदबत्ती लावू द्याल?"