बिशपांचं नाक

शब्दकोशाची कचेरी,
मंगळवार, १४ फेब्रुवारी १८९३

प्रिय थर्झा आत्या,

कशी आहेस? गुडघा काय म्हणतोय? मी मजेत. म्हणजे, जेवतेय वगैरे.

इथे अजून 'रन' या इंग्रजी क्रियापदावरच गाडं अडलंय. माणूस पळाला तरी रन, नदी वाहिली तरी रन, दुकान चाललं, नाक गळलं, तरी तेच! तुम्ही वाचक जुन्या पुस्तकांतली वाक्यं चिठ्ठ्यांवर उतरवून पाठवता ना, त्यात ज्या अर्थाचं वाक्य सगळ्यात जुनं, तो अर्थ कोशात सगळ्यात वर. परवा तुझ्या एका चिठ्ठीने नाकाचा अर्थ साठ वर्षं मागे गेला. आमचे संपादक पेनिफोल्डसाहेब कपबशीसकट नाचले. "डोर्कस, तुझ्या आत्याच्या चिठ्ठ्या मी कधी पडताळतसुद्धा नाही!"

१५८३ सालची प्रवचनं, पान दोनशे बारा, थंडीत बिशपांचं नाक गळू लागलं. तुला नाही आठवणार. कारण ती तू पाठवलेलीच नाहीस.

मी लिहिली. तुझ्या अक्षरात. शेजारच्या टेबलावरचा तो रूपर्ट मला सारखं टोचत होता, "आत्याच्या वशिल्याने चिकटलीस. तुला जुनं इंग्रजी कुठलं कळतंय?" म्हटलं, दाखवतेच याला. तो फसेल, मग हसून फाडून टाकू. पण तो हसलाच नाही गं. तडक साहेबांकडे घेऊन गेला.

काल साहेब ग्रंथालयात ते पुस्तक बघायला गेले. ते एकशे ऐंशी पानांतच संपतं.

आता तुझ्या बावीस वर्षांच्या चिठ्ठ्यांची खोकी फळीवरून खाली उतरलीत. सगळ्या रद्द. प्रस्तावनेतल्या आभारांतून तुझं नावही जाणार. रूपर्ट म्हणाला, "म्हातारपणी माणसं काहीही करतात." आणि मी, आत्या, मान खाली घालून टाचण्या लावत बसले. तुला जाब विचारणारं साहेबांचं पत्र याच टपालाने निघतंय.

खरं सांगू? मी लिहायला बसले ते वेगळंच. 'डुलकी लागली, चुकून लिहिलं गेलं', एवढं तू त्यांना कळव, असं विनवणार होते. तू कळवलंही असतंस. एक शब्द न विचारता. तेच आठवलं आणि हात थांबला.

तर काही कळवू नकोस. पाकीट चिकटवलं की मी साहेबांचं दार वाजवणार. नोकरी जाईल, जाऊ दे. खोकी परत वर जायला हवीत.

साहेब खाकरतायत, म्हणजे आतच आहेत. जाते.

तू अजून म्हणू देणार असशील, तर तुझीच,
डोर्कस