इंग्रजांचा जुना चार्ट

अश्दोद, मार्च १९७४

प्रिय लिझीताई,

आमची बोट फुटली तेव्हा मी भावजींच्या शेजारीच उभा होतो. पॅसिफिकमधलं ते बेट म्हणजे पोवळ्याचं कडं, आत शिरायला एकच अरुंद वाट. बोटींना वाट दाखवणारा तिथला म्हातारा पायलट इओतेबा म्हणाला, "कप्तानसाहेब, हा चार्ट, हा समुद्राचा नकाशा, इंग्रजांनी साठ वर्षांपूर्वी काढला, खोबरं न्यायला. पोवळं तेव्हापासून वाढतंय."

भावजी ओरडले, "मला चार्ट शिकवतोस?" आणि बोट चार्टप्रमाणेच आत घातली.

चौकशीत मी सांगितलं, पायलटने काही इशारा दिला नाही. तिथल्या इंग्रज अंमलदाराने त्याला कामावरून काढलं.

उद्या पुन्हा जबानी आहे. मी खरं सांगणार. भावजींचं कप्तानीचं लायसन्स जाईल, आणि तुमचं घर त्यावरच चालतं. हे पत्र मी पेटीत टाकणार नाही, ताई. ते वाचून तू थांब म्हणालीस, तर मी थांबेन.

तुझा धाकटा,
शालोम