आईचा फाटका आवाज

नाचणगाव, रविवार

आईच्या आवाजाबद्दल लिहायचं टाळत होतो, कारण लॅपटॉपवर तो फाटूनच येत होता. मी रांगत होतो तेव्हाच ती गेली. मावशीच्या हळदीच्या कॅसेटमध्ये तेवढा आवाज उरलाय; टेप लॅपटॉपला जोडून तोच उतरवून घेतोय.

आज मित्राला फोन केला. पिंट्या म्हणे, "अबे, टेप फुल काऊन ठेवला? डीजे हाय का तो? कमी कर ना!"

कमी केला. आवाज एकदम स्वच्छ. पण ही आई? बाबा तर म्हणतात, गरीब गाय होती. इथं ती विहिणीला गाण्यात चिडवते:

"इहीन आमची लाजते कशी, लाडू लपवते पदरापाशी!"

आणि मग स्वतःच खदखदून हसते. ते हसणं पुन्हा पुन्हा लावतोय. असं हसायची? मले कोणीच कसं सांगितलं नाई?

बाबा बाजारातून संध्याकाळी येणार होते. आत्ताच आलेत. चप्पल पायातच, दारात उभे, आणि आई हसतेय.