बत्तिसावी काठी

३ ऑक्टोबर, शुक्रवार

सामान लावून झालं. घर लहान आहे. एक खोली, चुलीचा कोपरा आणि तळ्याकडे उघडणारी खिडकी. माझी बायको गुनवोर असती तर तिने आधी ती खिडकी उघडली असती आणि मग थंडी वाजते म्हणून मलाच बोलली असती.

तिच्या बहिणीकडे जाताना दरवर्षी आम्ही डोंगररस्त्यावरच्या याच थांब्यावर थर्मास उघडायचो. ती एप्रिलमध्ये गेली. ऑगस्टमध्ये इथल्या राखणदाराच्या कामाची जाहिरात दिसली आणि मी फारसा विचार न करता अर्ज केला. काम अवघड नाही. बाकं, कचरा, स्वच्छतागृह आणि तळ्याकाठची कलाकृती, एवढंच सांभाळायचं. स्वच्छतागृहाला कसलंसं बक्षीस मिळालं आहे. भिंती तिरप्या, काँक्रीटच्या, आणि एक बाजू सगळी काचेची. प्रवासी तळ्यापेक्षा त्याचेच फोटो जास्त काढतात. मारित फोनवर म्हणाली, बाबा, चाळीस वर्षं सरकारचे नकाशे काढलेस आणि शेवटी संडासाचा पहारेकरी झालास. मला हसू आलं. मुलीलाही ते ऐकून बरं वाटलं असावं.

कलाकृतीचं नाव 'वाट'. एकतीस लाल काठ्या आहेत. वाहनतळाच्या कडेपासून उतारावरून ग्रोवात्न तळ्यापर्यंत त्यांची एक रांग जाते. शेवटच्या चार पाण्यात उभ्या आहेत. बर्फाखाली रस्त्याची कड बर्फ हटवणाऱ्या नांगरगाडीला कळावी म्हणून आपण दर हिवाळ्याआधी रोवतो, त्याच साध्या काठ्या. वेगळ्या बनवायच्या नाहीत, असा कलाकार बाईंचा हट्ट होता म्हणे. रस्ता होण्याआधी हा डोंगर पायी ओलांडताना जे परतले नाहीत, त्यांच्या आठवणीसाठी हे काम आहे. दर शुक्रवारी काठ्या मोजून वहीत आकडा लिहायचा. वही खिशात मावणारी, न भिजणाऱ्या कागदाची. मागची पानं कोरी आहेत, त्यांवर हे लिहितो आहे.

आज एकतीस.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

आज बत्तीस भरल्या. दोनदा मोजल्या. पाण्यात चारऐवजी पाच होत्या.

नांगरगाडीवाला यूस्टाइन दुपारी कॉफीला आला, तेव्हा जास्तीची तू रोवलीस का, असं त्याला विचारलं. त्याने शपथेवर नाही म्हटलं. वर म्हणाला, एकट्या माणसाने मोजायला लागलं की आकडा वाढतोच, माझा काका मेंढ्या मोजायचा, शेवटी त्यात सासूही यायला लागली. त्याने तीन वाफल खाल्ले आणि तपकिरी चीज पातळ कापल्याबद्दल मला चिक्कू म्हणाला. माणूस चांगला आहे.

नकाशात एक खूण जास्त असणं ही चूकच. तो गेल्यावर कमरेपर्यंतचे रबरी बूट घालून मी ती पाचवी काठी उपटली आणि शेडमध्ये ठेवली. वहीत एकतीस लिहिले.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

पुन्हा बत्तीस. गेल्या वेळचीच जागा.

ही काठी उपटायला जोर लागला. आधी हललीच नाही. मग एकदम सुटली, जणू खालून कोणी धरून ठेवली होती आणि आता सोडून दिली. खालचा मीटरभर भाग काळ्या चिखलाने माखलेला होता.

आणखी एक गोष्ट लिहून ठेवतो. काठी हातात घेतल्यावर मी परत फिरायला हवं होतं. मी पुढे चालत राहिलो. बुटांत वरून पाणी शिरलं तेव्हा भान आलं. पाणी छातीपर्यंत होतं. भीती वाटली नव्हती. गुनवोर होती तेव्हा मला झोपेत जसं बरं वाटायचं, तसंच काहीसं वाटत होतं. हे मारितला सांगणार नाही.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

थांब्यासमोरच्या वळणावर काठ्या रोवायचं काम इथल्या राखणदाराकडेच असतं. यूस्टाइनने काठ्यांचा भारा आणून टाकला. रोवत गेलो तर दोन कमी पडल्या. त्याला फोन केला. तो म्हणाला, दोन काठ्यांसाठी मी चाळीस किलोमीटर येऊ काय, कुठून तरी काढ की, नकाशेवाल्या. शेडमध्ये दोन पडल्याच होत्या. चिखल पुसला आणि वळणावर रोवल्या. चांगली काठी वाया का घालवायची.

नाताळाआधीच्या चार रविवारी एकेक मेणबत्ती पेटवतात, त्यांतल्या पहिल्या रविवारसाठी मारित इथे येणार आहे. शनिवारी निघेल. जांभळ्या मेणबत्त्या आणते म्हणाली. तुला यंदा पहिली मेणबत्ती एकट्याने पेटवू देणार नाही, असंही म्हणाली. मी पलंग आजच तिच्यासाठी मोकळा केला, अजून महिना आहे तरी.

११ नोव्हेंबर, मंगळवार

रात्रभर बर्फ. सकाळी एक मालट्रक रस्ता सोडून उतारावर रुतलेला. चालक पोलंडचा, वयस्क. तो वैतागून पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, मी काठ्यांच्या बाजूनेच चालवत होतो, वीस वर्षं तसंच चालवतो.

मी जाऊन पाहिलं. वळणावरच्या त्या दोन काठ्या मी रोवल्या तिथे नव्हत्या. दहा-बारा पावलं खाली होत्या. त्यांच्यापासून 'वाट'ची पहिली काठी सरळ रेषेत दिसते. रस्त्यावरून येणाऱ्याला रस्ता तळ्याकडेच वळतो असं वाटेल.

त्या दोन्ही उपटल्या आणि नव्या रोवल्या. जुन्या शेडमध्ये कुलपात.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

यूस्टाइन आज कॉफी प्यायला नाही. दारात उभा राहूनच बोलला. वळणावर काठ्यांच्या बाजूने येताना त्याच्या नांगराचं पातं तळ्याच्या काठाच्या दोन मीटर अलीकडे थांबलं. पात्याला बर्फाऐवजी गवत लागल्याचा आवाज आला, म्हणून त्याने ब्रेक दाबला. म्हणाला, छत्तीस वर्षं मी काठ्यांवर डोळे मिटून भरवसा ठेवला, बायकोवर नाही ठेवला तेवढा, आणि तू माझ्याशी असले खेळ करतोस. मी काही केलं नाही म्हणालो. तो म्हणाला, मग कोणी केलं, संडास बघायला येणाऱ्या जपान्यांनी?

शेड उघडून दाखवली. कुलूप होतं तसंच होतं. आत काठ्या नव्हत्या. जमिनीवर दोन ओल्या रेघा दारापर्यंत गेलेल्या.

त्याने स्वतःच्या हाताने सगळं वळण पुन्हा आखलं. जाताना माझ्याकडे पाहिलं नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

पाण्यावर बर्फ धरला आहे. चाळीस मोजल्या. मग थांबलो.

माझ्याआधी इथे पेत्रा नावाच्या बाई होत्या. आता वृद्धाश्रमात असतात. नंबर मिळवून फोन केला. त्यांनी माझं म्हणणं मध्ये न तोडता ऐकलं. मग सांगितलं की जास्तीची काठी दर वर्षी शरदात येते आणि वसंतात जाते. त्यांनी एकोणीस वर्षं वहीत एकतीस लिहिले आणि ती होती तिथेच राहू दिली. पाण्यातली पाण्यात, असं म्हणाल्या. मग विचारलं की मी उपटलेल्या काठ्यांचं काय केलं. रस्त्यावर रोवल्या, म्हणालो.

  मग त्यांनी विचारलं, तुझं कोणी रस्त्याने यायचं आहे का रे?

२७ नोव्हेंबर, गुरुवार

मारितला येऊ नकोस म्हणालो. कारण सांगता आलं नाही. वादळाचा अंदाज आहे म्हणालो. ती म्हणाली, बाबा, डोंगरात नोव्हेंबरात वादळ नसतं तर काय आंबे पिकतात? मग आवाज बदलला. म्हणाली, आई गेल्यापासून तू हेच करतोस, दार लावून घेतोस. मी येणारच.

काठ्यांचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. डॉक्टरशी बोललास का, असं विचारलं. फार हळू विचारलं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

वळणावरच्या सगळ्या उपटल्या, यूस्टाइनच्या सुद्धा. काठ्याच नसल्या तर तो थांबेल, असं वाटलं. संध्याकाळी पाहिलं, उभ्या होत्या. जास्तच होत्या. तळ्याकडे उतरणाऱ्या दोन रांगा, मध्ये गाडी जाईल एवढं अंतर.

रस्ते खात्याला फोन केला. फोनवरची मुलगी म्हणाली की काठ्या बघणं नांगरवाल्यांकडे असतं, नोंद करून ठेवते.

२९ नोव्हेंबर, शनिवार

सकाळपासून वादळ. समोरचं स्वच्छतागृह दिसत नाही.

दीड वाजता — यूस्टाइनचा फोन, वादळात रस्ता अडवतात त्या वरच्या फाटकावरून. डोंगरावर काही दिसत नाही, म्हणून गाड्या एका रांगेत सोडल्या आहेत. पुढे त्याची नांगरगाडी, मागे तेरा. मारित त्याच्या लगेच मागे. म्हणाला, तुझ्या पोरीला सांगितलंय, माझ्या मागच्या दिव्यावरून नजर हलवू नकोस, मी वळलो की वळ. मी म्हणालो काठ्या — आणि फोन तुटला. तिथून पुढे घाटात तासभर फोन लागत नाही.

दोन वाजता — कुऱ्हाड घेऊन गेलो. पहिली तोडली, दुसरी तोडली. तिसरीपाशी मागे वळून पाहिलं. पहिली उभी होती.

सव्वादोन. अंधारून आलं आहे. दिवा घेतला, केशरी जाकीट घातलं. रस्त्याच्या मधोमध उभा राहतो. दिवा हलवतो. यूस्टाइन मला पाहून थांबेल. माणूस दिसला की तो थांबतोच.

उभा आहे. हातमोजा काढून लिहितो आहे. वाऱ्यात हात दिसत नव्हता, म्हणून लहानपणी शिकवलं तसा आलो, एका काठीला हात लावून, पुढची दिसल्याशिवाय तिला न सोडता. घरापासून रस्ता साठ पावलं. मी एकशे चाळीस मोजली. वाऱ्यामुळे पावलं लहान पडली असतील.

इथे शांत आहे. वाराही कमी. बरं वाटतं आहे —

पिवळा दिवा. वर, वळणापाशी. फिरतोय. मी दिवा हलवला. त्याने पाहिलं. समोरच्या दिव्यांची दोनदा उघडझाप केली. मागे आणखी दोन दिवे, छोटे, अगदी जवळ. मारित.

थांबत नाही. माझ्याकडे वळला. मी रस्त्यावर आहे म्हणून — मी उभा आहे तोच रस्ता असं त्याला —

बुटाने बर्फ बाजूला केला. खाली काळं आहे. गुळगुळीत. डांबर नाही. तळं आहे. खाली काहीतरी लाल, उभं, माझ्या पायाखालून वर —

दिवा विझवतो. बटण गोठलंय. फेकला तर दिसतच राहील, जाकिटात धरतो — त्याने पुन्हा उघडझाप केली, तो उतारावर आला, मारित त्याच्या मागे, मारित वळू नको, मार