काचेला पाडलेलं भोक

प्रिय पोरी,

माहेरहून फोनवर तू रडतेस आणि मी ओरडते, मग दोघींपैकी कुणालाच काही ऐकू येत नाही. म्हणून लिहायला बसलेय. अक्षराला हसू नकोस. मला शाळेत चार इयत्ता बसवलं, त्यातल्या दोन मी खिडकीबाहेर बघण्यात काढल्या. मासे जिवंत आहेत. हे आधी सांगते, नाहीतर तुझं बाकीच्यात लक्ष लागणार नाही. दोघे नारिंगी पट्टेवाले गुण्यागोविंदाने भांडतायत. तुझी ती काचेसारखी कोळंबी मधे मेली असं वाटलं. मी तिला चमच्याने बाहेर काढून ओट्यावर ठेवलं, तुला आता काय तोंड दाखवू म्हणून बसले, तर खरी कोळंबी दगडाआडून मिशा हलवत माझ्याकडे बघत होती. नुसती कात टाकली होती बयेने. एवढ्याशा जिवाला कपडे बदलायचे असतात हे मला कोण सांगणार?

प्रत्येक फोनला तू एकच विचारतेस. आजी, त्याचं शेवटी काय ठरलं होतं? भोक पाडायचं, की डबा अडकवायचा? मी दर वेळी दूध उतू जातंय म्हणून फोन ठेवते. एवढं दूध या घरात येतच नाही.

नव्या मोठ्या टाकीचं तुमचं ते ओव्हरफ्लो प्रकरण मला आधी कळतच नव्हतं. जेवताना, चहा पिताना, भाजी निवडताना तुम्ही नवरा-बायको त्याच्यावरच बोलायचात, तर मला वाटलं कुणी नातेवाईक राहायला येणार आहे. मग माझ्या नातवाने मला मोरीत नेऊन दोन बादल्या घेऊन शिकवलं. खाऱ्या पाण्यावर साय धरते. ती साय वरच्यावर सांडून खालच्या टाकीत गेली पाहिजे, तिथे पाणी गाळायचं आणि पंपाने परत वर चढवायचं. वरून खाली जायची वाट तुंबली तर पंपाला काही कळत नाही, तो आपला चढवतच राहतो, आणि समुद्र दिवाणखान्यात येतो. वाट करायचे दोन मार्ग. एक, मोठ्या टाकीच्या मागच्या काचेलाच भोक पाडायचं. दुसरा, भोक न पाडता काठावर डबा अडकवायचा आणि वाकड्या नळीने पाणी ओढून बाहेर काढायचं.

तो पडला लिफ्ट दुरुस्त करणारा. त्याला नळीचा भरवसा नव्हता. म्हणायचा, आजी, नळीत हवा धरली की संपलं. वीज गेली तर वस्तूने आपणहून शहाणं झालं पाहिजे, माणूस धावत येईल म्हणून वाट बघायची नाही. दोरी तुटली तरी लिफ्ट जागच्या जागी थांबते ना, तसं. त्याला भोकं पाडून तीन पाइप भिंतीतून आरपार मागच्या खोलीत न्यायचे होते. एक भरून वाहणारा, एक पाझरणारा, आणि एक कोरडा, दोन्ही तुंबले तरच कामाला येणारा. मी म्हटलं, कोरडा कशाला, वाया जाईल. तर म्हणाला, तो कोरडा राहिला तर मी जिंकलो.

आणि तू डब्याच्या बाजूची. कारण तुझ्या ऑफिसातून बदलीचं आलं होतं, हुद्दा वाढवून, दूरच्या शहरात. डबा काढता येतो, टाकी उचलता येते. पाइप भिंतीत गेले की टाकी या घराची झाली. तू असं कधी बोलली नाहीस. तू नळ्यांचा आवाज, भिंतीची ओल, काय काय बोलायचीस. मी शिकले नाही म्हणून मला ऐकू येत नाही असं नाही. मला सोडून तो यायचा नाही हे तुला माहीत होतं. तुझ्यावाचून तो राहायचा नाही हे मला माहीत होतं. त्याला दोन्ही माहीत होतं, म्हणून तो मेला नुसता पाइपांबद्दल बोलायचा.

त्या सकाळी त्याने काचेवर मार्करने गोल काढले आणि तू ओल्या फडक्याने ते पुसलेस. पुढचं मी स्वयंपाकघरातून ऐकलं. तुला जायचंय तर जा, मी मासे घेऊन इथेच राहतो, असं तो म्हणाला. मग मासेच सांभाळ, असं तू म्हणालीस. दार असं आपटलं त्याने की भिंतीवरचं घड्याळ वाकडं झालं. माशांच्या दुकानाकडेच निघाला होता. मोठ्या रस्त्याच्या वळणावर ती बस.

तुझा सासरा म्हणतो, तिला सांगून टाक की तो डबाच आणायला निघाला होता. तुझं काय जातं? पोरीला झोप तरी लागेल. आपल्या पोराला खांदा देऊन आलेला बाप तो, मी त्याला काय बोलणार? एवढंच म्हटलं, मेलेल्याच्या तोंडात आपले शब्द कोंबू नयेत, त्याला थुंकता येत नाही.

म्हणून खरं तेवढं लिहिते. दुकानदाराकडे मी स्वतः जाऊन आले. तो म्हणाला, तुमच्या नातवाचा फोन आला होता, येतोय, दोन्ही काढून ठेवा, बघून सांगतो. दोन्ही म्हणजे भोकं पाडायचं सामान आणि काठावरचा डबा. बास. एवढंच. तो जात होता, येत नव्हता. येताना असता तर पिशवीत काहीतरी सापडलं असतं. आता पिशवीच रिकामी, तर त्यात तू काय शोधतेस आणि मी काय शोधते.

रागात होता का, हेही तुला विचारायचंय, फक्त विचारत नाहीस. होता. चांगला रागात होता. पण त्याचा राग मी त्याच्या लहानपणापासून बघतेय, आईविना पोर माझ्याच पदराशी वाढलं. त्याचा राग कोपऱ्यापर्यंत टिकायचा. कोपऱ्यावरून काहीतरी विसरलं म्हणून परत यायचा, कधी रुमाल, कधी चावी, आणि जाताना इकडचं तिकडचं एक वाक्य बोलून जायचा. संपलं. त्या दिवशी मी कढईखालचा गॅस बारीक करून दाराकडे कान देऊन उभी होते. त्या दिवशी तो काहीच विसरला नव्हता.

तर मी काय केलं ते ऐक. काचवाल्याला बोलावलं. त्याने आधी काच तपासली, कडक भाजलेली काच असली तर भोक पाडताना भुगा होतो म्हणे. तशी नव्हती. मग त्याने मातीचं आळं करून त्यात पाणी ओतलं आणि दातांच्या डॉक्टरसारखा घूं घूं करत बसला. मी दुसऱ्या खोलीत गेले नाही. काचेच्या चकत्या निघाल्या, बांगडीएवढ्या, त्या त्याने माझ्या हातात ठेवल्या, मी त्या कचऱ्यात टाकल्या. भिंतीला भोकं पाडताना तुझा सासरा ओरडत होता, आई, घर पडेल. म्हटलं, पडायचं ते पडून झालंय. आता तिन्ही पाइप भिंतीतून गेलेत. मागच्या खोलीत माझी खाट होती तिथे खालची टाकी बसली, मी पुढे झोपते. वीज घालवून बघितली, परत आणून बघितली. फरशी कोरडी. मासे छोट्या टाकीतून काढून मोठ्या टाकीत सोडले तर दोघे एका कोपऱ्यात चिकटून बसले, एवढ्या जागेचं काय करायचं ते त्यांना कळेना.

त्याचं म्हणणं खरं होतं म्हणून मी हे केलं असं समजू नकोस. तुझं खोटं होतं म्हणून तर नाहीच. तुझ्या आईचा मला फोन आला होता. तू बदली नाकारतेयस, इथल्याच जागेवर राहतेयस, आणि सामान बांधून या घरी परत येतेयस, टाकी आणि आजी सांभाळायला. त्याच्याशी भांडलीस त्याची भरपाई म्हणून. तर टाकी आता भिंतीतून सुटत नाही आणि तिचं बघायला मी आहे, मीठ मोजायलाही शिकले. तुला इथे करण्यासारखं काही उरलेलं नाही, मी उरू दिलेलं नाही. बदली घे. वर्षभराने, दोन वर्षांनी कुणी बरा भेटला तर त्याच्याशी भांड, हसव त्याला, मला सांगायची गरज नाही. आलीस तर पाहुणी म्हणून ये, चार दिवस राहा आणि जा. फक्त मला तू इथे हवी आहेस का, ते विचारू नकोस. मला खोटं बोलता येत नाही.

तुझीच, जाशील तिथे,
आजी